हिरव्या दिव्याची साक्ष

आमच्या कार्तिकीचं जावळ काढलं ते साल २०३५. मामानं तिला मांडीवर घेतलं होतं. न्हाव्यानं पहिली बट कापली आणि पोरीनं असा टाहो फोडला की मंडपाबाहेर बांधलेलं बोकड दचकलं आणि दावं तोडून पळालं. सगळी वस्ती त्याच्यामागं. पंगती बसायला उन्हं कलली. माझा मुलगा लखन हसून हसून खाली बसला होता. "पोरगी माझीच," तो म्हणाला, "गावभर ऐकू गेलं पायजे."

त्याच वर्षी टिकली आली.

कपाळाची टिकली नव्हे, पण दिसायला तशीच. कानामागं चिकटवायची. पुण्याच्या डॉ. नीलांबरी शेजवळ यांनी ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी केली होती. अशी बाळं काचेच्या पेटीत असतात, छातीत रडण्याएवढाही जोर नसतो. सुई टोचली, नळी खुपली तरी कुणाला कळत नाही. त्यांच्या वतीनं रडेल असं काहीतरी बाईंना हवं होतं.

पुढं बाईंनी ते मला समजावून सांगितलं, आणि मला कळलं तसं मी सांगते. माणसाला दुखलं किंवा भीती वाटली की घामात ताणाचं एक रसायन उतरतं. कातडी किंचित ओलसर होते, अंगही जरा तापतं. चौथी गोष्ट काळजाची. निवांत माणसाच्या काळजाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास आत जाताना जरा घाईनं पडतात, बाहेर येताना जरा सावकाश. झोक्यासारखं. भीती आली, वेदना आली की हा झोका थांबतो आणि ठोके एकसारखे, ताठ पडायला लागतात. टिकली हे सगळं मोजते आणि त्याचा मेळ घालून जवळच्या दिव्याला कळवते. बरं असेल तर दिवा हिरवा, कुरकुर असेल तर पिवळा, दुखत असेल तर लाल.

दिवा लाल झाला की नर्स पेटीकडं धावायची. कितीतरी बाळं त्या दिव्यानं वाचली. हे मी आधीच लिहिते, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की ती वस्तूच वाईट होती.

कार्तिकी अंगणवाडीत जायला लागली तोवर टिकली दवाखान्यातून बाहेर पडली होती. पाळणाघरात दिवा, शाळेत दिवा. शिकलेल्या घरांत देवघराशेजारी दिवा. आई-बाप पोराकडं कमी आणि दिव्याकडं जास्त बघायला लागले. आणि मग टीव्हीवाल्यांना आणखी काय हवं होतं?

कार्यक्रमाचं नाव होतं 'घडवू या'. पाच कुटुंबं, पाच घरं, मुलं वाढवायच्या पाच तऱ्हा. एक शिस्तीचं घर, एक मोकळं घर, एक वेळापत्रकाचं, एक कुशीचं. प्रत्येक घराच्या माजघरात घागरीएवढा दिवा टांगलेला, त्या घरच्या लेकराच्या टिकलीला जोडलेला. लोकांनी रोज बघायचं, कुणाचं लेकरू हिरवं राहतं ते. शेवटी एक घर 'आदर्श घर' ठरणार.

पाचवं घर होतं परंपरेचं. त्यासाठी ते आमच्या वस्तीवर आले.

आम्ही डोंबारी. बार्शीबाहेर आमची वस्ती आहे. पूर्वी आम्ही बाजारात बांबू उभे करून दोरी ताणायचो, ढोलकी वाजवायची आणि लेकरू हातात काठी घेऊन दोरीवरून चालायचं. माझं लग्न होईपर्यंत मी चालले. दोरीवर चढण्याआधी बाप लेकराच्या बेंबीवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "हितं ठेव." म्हणजे भीती इथं खाली ठेव, श्वास इथून घे. छातीतला श्वास दोरी हलवतो. एकदा ते अंगात मुरलं की दोरीवर लेकराचा चेहरा हलत नाही. आम्हाला ती विद्या वाटायची. बघणारे म्हणायचे, मारून मारून पोरांना दगड केलंय.

लखन लहान असताना एकदा बाजारातून त्याच्या बापाला चौकीत नेलं होतं. लेकराला दोरीवर चढवणं गुन्हा होता, त्यात चूक काही नव्हतं. पण साहेबांनी सगळ्यांसमोर लखनला विचारलं, "तुला मारतात ना रे?" लखन म्हणाला, "न्हाई." साहेब हसले. "बघा, किती धाक आहे," म्हणाले. त्यानंतर बाजारातला खेळ आम्ही बंद केला. लखन आश्रमशाळेत शिकला, विजेच्या खात्यात लाइनमन झाला, खांबांवर चढायला लागला. पण ते "न्हाई" त्याच्या घशात अडकून राहिलं होतं. कार्तिकीला तो दारात दोरी शिकवायचा, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली गादी टाकून. पोरीला त्याचं वेड होतं.

टीव्हीवाले चहा पिऊन गेले आणि घरात भांडण पेटलं.

"पोरीला तिकडं न्यायची न्हाई," माझी सून मोनाली म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, दिवा रोज बघायची. "तुमाला हौस आसंल तर तुमी जावा टिकली लावून."

"मला हौस न्हाई मोने. जिंकायचंबी न्हाई. एकदा फक्त दिव्यानं सांगावं, की डोंबाऱ्याची लेकरं घरात सुखात असत्यात. माणसांनी कधी ऐकलं न्हाई. दिव्याला तर जात कळत न्हाई ना?"

"आन लाल लागला तर?"

"न्हाई लागणार."

"आत्या, तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

मी लखनच्या तोंडाकडं बघितलं. सात वर्षांचा असताना चौकीच्या पायरीवर होतं तेच तोंड. मी म्हणाले, "दोरी गुडघ्याच्या वर न्हाई जाणार आसं कबूल करून घे, मग जा." टीव्हीवाल्यांनी कबूल केलं आणि तो शब्द शेवटपर्यंत पाळला, एवढं त्यांच्याबाबत सांगायला हवं. दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. घरातलं वडील माणूस हवं म्हणून मीही गेले.

पुण्याबाहेर माळावर ती घरं उभी केली होती. बाहेरून घर, आत भिंतीभिंतीत कॅमेरे, आणि डोक्यावर इतके मोठे दिवे की हिवाळ्यात घाम फुटायचा. शेजारी मोकळं घर होतं. तिथल्या आईचं नाव ऋजुता, मुलाचं निर्वाण. ते घर मोकळं म्हणजे मुलाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

"निर्वाण, तुला काय वाटतं, आज आपण आंघोळ करायची का?"

"नाही."

"ओके. का नाही, ते मला सांगशील?"

"पाणी ओलं असतं."

ऋजुता विचारात पडली. अंगणात लखन माझ्या कानाशी म्हणाला, "आमाला आसं विचारलं आसतं तर मी आजून पारोसाच आसतो." मला हसू आवरेना. ऋजुतालाही आवरेना, तिनं ऐकलं होतं. बाई मनानं चांगली होती. "आजी, एकदा तुमच्या पद्धतीनं घालून द्या ना त्याला आंघोळ," म्हणाली, "मी बघत नाही असं दाखवते."

पहिल्याच आठवड्यात आमच्या घरी दिवा लाल झाला. मुलांना एक काम नीट पुरं करून दाखवायचं होतं, आई-बापांनी चुका दाखवायच्या. कार्तिकीनं दोरी निवडली. ती दोनदा डगमगली आणि लखन दरडावला, "ध्यान कुठंय तुझं? पाय बघू नगं!" दारात तो रोजच असं बोलायचा आणि ती त्याला जीभ दाखवायची. इथं दिवे होते, अनोळखी माणसं होती. तिचा ओठ थरथरला, दिवा लालभडक झाला. कार्यक्रमाचा निवेदक हलक्या आवाजात म्हणाला, "महाराष्ट्र हे पाहतोय." घरात लावलेल्या टीव्हीच्या पडद्यावर, खालच्या पट्टीत, लोकांचे निरोप धावायला लागले. पन्नाशीत मी वाचायला शिकले होते, त्यामुळं मला ते वाचता आले. ते मी इथं लिहीत नाही.

लखन पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. कार्तिकी त्याला शोधत गेली आणि परत येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

"आजी, पप्पा का रडत्यात?"

"रडत न्हाई. डोळ्यात कचरा गेला त्याच्या."

"दोनी डोळ्यांत?"

"व्हय."

तिनं टाकीकडं वळून बघितलं. "माझ्या दिव्याचा कचरा व्हय?"

मी म्हणाले, तुझ्यामुळं न्हाई बाळा. पण तिनं जे बघायचं ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला निवेदक आला आणि त्यानं कालचा विषय काढला. दिवा पिवळा झाला. कार्तिकीनं दिव्याकडं बघितलं, मग फ्रॉकवरून बेंबीवर तळवा ठेवला. दोरीवर चढण्याआधी ठेवायची तसाच. तिचे खांदे खाली आले. दिवा हिरवा झाला.

तिला गंमत वाटली. आरशानं कवडसा पाडतात तसं ती दिव्याशी खेळायला लागली. "बघ हं आजी, आता पिवळा. आता बघ, हिरवा." पहिल्यांदा तळवा लागायचा, पुढं तळव्याचीही गरज उरली नाही. नुसती नजर दिव्यावर गेली की श्वास खाली जायचा. लखन रागावला तरी हिरवा. लस टोचली तरी हिरवा. निर्वाणनं तिची बाहुली मोडली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यावर दिवा हिरवागार.

लोक फिरले. ज्या पट्टीवर शिव्या धावत होत्या तिथं 'कडक पण प्रेमळ' असं यायला लागलं. वर्तमानपत्रांत लेख आले. घरोघरचे बाप मुलांच्या पोटावर हात ठेवून "हितं ठेव" म्हणायला लागले. आमच्या वस्तीवर फटाके वाजले, असं मोनालीच्या भावानं फोनवर सांगितलं. ज्या शाळेत लखनला मागच्या बाकावर बसवायचे तिथल्या मास्तरांनी त्याच्या नावानं शुभेच्छा पाठवल्या. लखन चालायचाच वेगळा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या बाजूनं साक्ष दिली होती.

त्याच हिवाळ्यात सरकारी खात्यानं नियम काढला. घरात मुलाचा छळ होतो अशी तक्रार आली तर आधी दिव्याची नोंद बघायची. हिरवी असेल तर तक्रार निकाली. शाळांनी तेच उचललं. मोठ्या दवाखान्यांतही दारातच टिकली लावून रांगा पाडायला सुरुवात झाली, लाल आधी, हिरवे नंतर. कार्यक्रमामुळं दिव्यावर सगळ्यांचा इतका भरवसा बसला होता की कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

एका दुपारी डॉ. शेजवळ आल्या. त्या कार्यक्रमाच्या सल्लागार होत्या, पण तोवर आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. बारीक चणीची बाई, केस पांढरे, पायांत साध्या चपला. त्या अंगणातल्या झोपाळ्यावर कार्तिकीशेजारी बसल्या.

"कार्तिकी, दिवा तू हिरवा करतेस का गं?"

"मी न्हाई करत. मी श्वास खाली ठेवते. दिवा त्याचा त्याचा होतो."

"आणि आत कसं वाटतं तेव्हा?"

"कुठं आत?"

"मनात. भीती जाते का?"

कार्तिकीनं मान हलवली. "न्हाई. ती खाली बसून ऱ्हाती."

बाई झोपाळ्यावरून उठल्या. मग आम्हा तिघांना त्यांनी बोलावलं. काळजाचा तो झोका श्वासाला बांधलेला असतो, त्या म्हणाल्या. जो श्वास सावकाश करू शकतो तो झोका परत आणू शकतो, आत काहीही चाललं असलं तरी. साधू करतात, नेमबाज करतात. एवढं लहान मूल करेल असं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि दुसरं त्यांना आजच कळलं होतं. या मोठ्या दिव्यांखाली सगळीच मुलं घामेजतात, तापतात. म्हणून वाहिनीच्या माणसांनी यंत्रातून घामाचा आणि अंगाच्या उष्णतेचा हिशेब काढूनच टाकला होता. कार्यक्रम गाजल्यावर तोच बदललेला हिशेब शाळा-दवाखान्यांच्या दिव्यांतही गेला होता. "आता हा दिवा जवळजवळ नुसता श्वास मोजतोय," त्या म्हणाल्या. "याच्यावर विश्वास ठेवू नका. तिला विचारा."

लखनचा चेहरा उतरला. "बाई, विचारलं होतं की माणसांनी. मलाबी विचारलं होतं. मी सांगितल्यालं कुणाला पटलं? आज हा पटतोय तर तुमी म्हणता, हाबी खोटा."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, लखन."

"लोक म्हणतील की. म्हणतील, बघा, पोरीला ढोंग शिकवलं."

बाई तडक वाहिनीच्या कचेरीत गेल्या. तिथं त्यांना सांगितलं म्हणे, मूल स्वतःला शांत करू शकतं, यापेक्षा चांगले संस्कार कोणते? त्यानंतर बाईंना आत सोडलं नाही.

मोनाली मात्र रोज विचारायची. वेणी घालताना, कॅमेऱ्याकडं पाठ करून.

"कार्ते, खरं सांग. तुला हितं बरं वाटतं का?"

"दिवा बघ की."

"मी दिव्याला न्हाई, तुला विचारती."

"पप्पांना बरं वाटतं," कार्तिकी म्हणायची. "वेणी घट्ट नगं घालू."

संक्रांतीला शेवटचा भाग होता. दोन घरं उरली होती, शिस्तीचं आणि आमचं. त्याच्या दोन-तीन दिवस आधी कार्तिकीनं न्याहारी ढकलून दिली.

"पोट दुखतंय."

तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण मुलगा होता. त्यानं आधी दिव्याकडं बघितलं, मग हातातल्या यंत्रावर तिची नोंद बघितली. "काही नाही. शेवटच्या भागाचं दडपण असतं मुलांना." मग स्वतःच हसला. "दडपणसुद्धा नाही हो हिला. एकदम हिरवी." त्यानं गॅसची गोळी दिली. पोटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. ती पाय पोटाशी घेऊन गादीवर पडली. मोनालीनं पिशवीत कपडे भरायला घेतले.

"चला. मला न्हाई थांबायचं."

"मोने, डॉक्टरनं बघितलंय."

"दिवा बघितलाय त्यानं! पोरगी कुठं बघितली?"

"सरावानं दमली असंल. एवढं दुखत आसतं तर तिला दाबता आलं आसतं का? टोचल्यावर, रागावल्यावर येगळं. हे दोन दीस झालं." लखन बोलत होता आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा वर जात होती. त्याला पोरीची माया नव्हती असं कुणी म्हणू नये. रात्रभर तो तिच्या उशाशी बसला होता. पण त्याच्या बाजूनं उभा राहिलेला एकुलता एक साक्षीदार डोक्यावर जळत होता. त्याला खोटं ठरवायला त्याचं मन धजत नव्हतं.

मोनाली त्याच्याशी भांडत बाहेर गेली. मी कार्तिकीचं डोकं मांडीवर घेतलं. तिचं कपाळ तापलं होतं. ती दिव्याकडं बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "मला लाल करता येईना."

"काय म्हणतीस?"

"लाल झाला तर पप्पा दवाखान्यात नेतील. मी लई करती. पण बघितला की श्वास आपोआप खाली जातो."

"मग बघू नगं बाळा तिकडं. डोळे मीट."

"मिटलं तरी दिसतो."

मी अंगणात गेले आणि लखनला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो उभा होता तिथून आत धावला. तिच्या कानामागची टिकली त्यानं उपटून काढली, तिला उचललं आणि कॅमेऱ्यांमधून वाट काढत फाटकाकडं पळाला. ऋजुताचं घर कधीच बाद झालं होतं, पण त्या दिवशी ती बघायला आली होती. तिनं आपली गाडी पुढं घातली.

दवाखाना मोठा होता. दारातच कार्तिकीच्या कानामागं नवी टिकली लावली. दिवा हिरवा.

"हिरव्या रांगेत बसा," दारावरचा माणूस म्हणाला.

"साहेब, हिचा दिवा खोटा हाय. हिला श्वास धरता येतो. हिला लई दुखतंय."

"सगळे असंच म्हणतात."

"आवो, मी बाप हाय तिचा!"

रांगेतल्या एका बाईनं ओळखलं. "अगंबाई, ही कार्तिकी ना? टीव्हीवरची? बघा, आजारपणातसुद्धा कशी हिरवी आहे!" माणसं वळून बघायला लागली. आणि इतक्या नजरा आपल्यावर बघून आमच्या पोरीनं बापाच्या खांद्यावरून हात काढला आणि बेंबीवर ठेवला.

लखननं आरडाओरडा केला. पहारेकऱ्यानं त्याला भिंतीशी दाबून धरलं. मोनाली प्रत्येक पांढऱ्या कोटाच्या आडवी जात होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी एक वयस्क डॉक्टरीणबाई थांबली. तिनं दिवा बघितला नाही. कार्तिकीच्या पोटावर उजव्या बाजूला बोटं दाबली आणि सोडली, तशी पोरगी ओरडली. आवाज फार बारीक निघाला. बाईनं तिथूनच स्ट्रेचरला हाक मारली.

आतडं आधीच फुटलं होतं. विष रक्तात गेलं होतं. ऑपरेशन झालं, रात्रभर प्रयत्न झाले. सकाळी ती थोडी शुद्धीवर आली. लखन तिच्याजवळ वाकला आणि म्हणाला, "रड गं माझे बाय. मोठ्यांदा रड. पप्पा काय बी म्हणणार न्हाई." तिनं त्याच्याकडं बघितलं. तिला रडता आलं नाही.

शेवटचा भाग दाखवला गेला नाही. वाहिनीनं एक काळी पाटी दाखवून दुःख व्यक्त केलं. माणसं परत आमच्यावर उलटली. डोंबाऱ्यांनी पोरीचा जीव घेतला, म्हणाली. डॉ. शेजवळ वस्तीवर येऊन दोन दिवस राहिल्या. जेवल्या नाहीत फारशा. मोनालीचे हात धरून त्या म्हणाल्या, "ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी मी तो केला होता. जिला बोलता येत होतं तिचंही मग कुणी ऐकलं नाही." मोनालीनं हात सोडवून घेतले नाहीत. लखनशी मात्र ती बोलत नव्हती. चूल पेटवायची, वाढायची, अंगणवाडीत जायची.

उन्हाळ्यात चौकशीचे साहेब आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी निकाल वाचून दाखवला. कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून दवाखान्यात दाखल होईपर्यंतची बालिकेची दिव्याची नोंद तपासली. सुरुवातीचे काही प्रसंग सोडता ती संपूर्ण हिरवी आहे. बालिकेला कसलाही शारीरिक किंवा मानसिक त्रास झाल्याचे आढळत नाही. पालकांचा कोणताही दोष नाही.

लखन ऐकत होता. ज्या वाक्यासाठी तो पोरीला घेऊन घराबाहेर पडला होता, ते वाक्य सरकारी शिक्क्यासह त्याच्या दारात आलं होतं.

"साहेब, हे खोडा," तो म्हणाला.

"काय खोडू?"

"तिला त्रास झाला न्हाई, हे. तिला दुखत होतं. तिनं सांगितलं होतं, तोंडानं सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. लिवा तसं."

साहेब गोंधळले. भला माणूस होता. "अहो, निकाल तुमच्या बाजूनं आहे. तुम्ही सुटलात यातून."

"मला न्हाई सुटायचं. लिवा, की लेकरू दोन दीस दुखतंय म्हणत होतं."

"नोंदीत नाही ते. नोंदीत नसलेलं मी कसं लिहू?"

"शेजवळबाईंनी लिवलंय ना तुमाला?"

"त्यांचं मत जोडलंय मागं. पण ते मत आहे. नोंद ती नोंद."

लखननं त्यांचे पाय धरले. साहेब अवघडून उठले. "उठा हो, असं करू नका," म्हणत त्यांनी कागद ओट्यावर ठेवला आणि गेले. लखन तसाच ओट्याखाली बसून राहिला. मग मोनाली आतून आली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याजवळ बसली. "मला ठावं हाय," ती म्हणाली, "मला सांगितलं होतं तिनं." तेव्हा लखन रडला, आणि ते सगळ्या वस्तीनं ऐकलं.

ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. कार्तिकीला दुखत होतं. पहिल्या दिवशी सकाळी तिनं आम्हा तिघांसमोर तसं सांगितलं, आणि नंतरही सांगत राहिली. कार्तिकी लखन मुसळे, वय वर्षं सात, २०४२ साली भोगीच्या दिवशी दुपारी पुण्याच्या दवाखान्यात वारली.